जेत्यांचा अंमल आणि पराभूतांचे स्वत्व

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात 'मिसुरी' या अमेरिकी युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या झाल्या. जपानच्या वतीने सही करणारे परराष्ट्रमंत्री मामोरू शिगेमित्सु कृत्रिम पाय आणि हातातील काठी सावरीत नौकेवर चढले, ते दृश्य चित्रफितींतून साऱ्या जगाने पाहिले आहे. त्याच दिवशी सायंकाळनंतर जे घडले, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वास्तविक जपानच्या पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने ते सहीइतकेच महत्त्वाचे होते.

योकोहामात उतरलेल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी जपानी अधिकाऱ्यांच्या हाती तीन जाहीरनामे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रसिद्ध व्हायचे होते. पहिल्यानुसार कायदेमंडळ, कार्यकारी सत्ता आणि न्यायदान हे जपानी शासनाचे सर्व अधिकार दोस्तांच्या सरसेनापतीच्या अधीन होणार होते आणि राज्यकारभाराची भाषा इंग्रजी ठरणार होती. दुसऱ्यानुसार आज्ञाभंग करणाऱ्यांवर लष्करी न्यायालयांत खटले चालणार होते, देहान्त शिक्षेपर्यंत. तिसऱ्यानुसार सैन्याने छापलेल्या नोटा देशाचे चलन होणार होत्या. थोडक्यात, जपानचे सरकार नावालाही उरणार नव्हते. त्या रात्री टोकियोत धावपळ उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिगेमित्सु स्वतः योकोहामाला जाऊन जनरल डग्लस मॅकआर्थर यांना भेटले. जपानची स्थिती जर्मनीसारखी नाही, येथे सरकार अस्तित्वात आहे, सम्राटाने शरणागती स्वीकारली आहे आणि त्याच्या आज्ञेने लक्षावधी सैनिक शस्त्रे खाली ठेवीत आहेत. हे सरकार बाजूला सारून तुम्ही थेट राज्य करू लागलात, तर होणाऱ्या गोंधळाची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मॅकआर्थर यांनी तिन्ही जाहीरनामे मागे घेतले.

या एका भेटीने सारे ठरले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शत्रूचेच सरकार राबवून घ्यावे, मात्र त्याला पाठीशी घालू नये, असे धोरण वॉशिंग्टनमध्येही आकार घेत होते. तरीही पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी, हाती कोणतेही बळ नसताना, जेत्यासमोर उभे राहून आपल्या राज्ययंत्रणेचे अस्तित्व राखू पाहणाऱ्या त्या माणसाचे स्मरण ठेवले पाहिजे. पराभूत राष्ट्राकडे सैन्य उरत नाही, पैसा उरत नाही, पुष्कळदा अन्नही उरत नाही. राज्य चालविण्याची आपली रीत तेवढी उरते. ती टिकली तर राष्ट्र पुन्हा उभे राहू शकते.

जिंकलेल्या प्रदेशावरील लष्करी अंमल हा विषय कायद्याच्या पुस्तकांत फार नीटनेटका दिसतो. १९०७ च्या हेग नियमांतील ४३ वे कलम सांगते की, सत्ता हाती आलेल्या जेत्याने सार्वजनिक व्यवस्था आणि जनजीवन शक्य तितके पूर्ववत करावे आणि अगदीच अशक्य नसेल तर त्या देशात चालू असलेल्या कायद्यांचा मान राखावा. म्हणजे व्याप्त प्रदेशात जेता हा मालक नसून तात्पुरता व्यवस्थापक असतो. कागदावर हे ठीक आहे. मॅकआर्थर यांनी जपानमध्ये केले ते मात्र या कलमाच्या चौकटीत मुळीच बसणारे नव्हते. त्यांनी त्या देशाची राज्यघटना बदलली, जमिनीची मालकी बदलली, शिक्षण बदलले, धर्म आणि राज्य यांचे नाते तोडले. कायद्याच्या दृष्टीने त्याचे समर्थन शरणागतीच्या अटींतून केले जाते. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. एवढी उलथापालथ होऊनही जपान विस्कटला का नाही?

याचे उत्तर अमेरिकी लेखक सहसा आपल्या सेनापतींच्या शहाणपणात शोधतात. अमेरिकेने तयारी केली होती, हे खरेच आहे. १९४२ सालीच व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात लष्करी शासन शिकविणारे विद्यालय निघाले होते आणि पुढे अनेक अधिकाऱ्यांना जपानी भाषेचे धडे देण्यात आले. पण हे अधिकारी जपानमध्ये पोहोचले, तेव्हा त्यांच्या वाट्याला राज्य करणे आलेच नाही, देखरेख तेवढी आली. आज्ञा टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यासमोरील दाई-इची विमा कंपनीच्या इमारतीतून निघत, पण त्या गावोगाव पोहोचविणारे हात जपानी कारकुनाचे, जपानी पोलिसाचे, जपानी शाळामास्तराचे होते.

सैन्याचेच उदाहरण घ्या. देशात आणि देशाबाहेर मिळून सुमारे ७० लाख जपानी सैनिक होते. त्यांना नि:शस्त्र करून घरी पाठविण्याचे काम कोणी केले? जपानच्या सेना आणि नौदल खात्यांनीच. १ डिसेंबर १९४५ पासून या दोन खात्यांची नावे बदलून त्यांची सैन्यविसर्जन मंत्रालये करण्यात आली आणि ज्या अधिकाऱ्यांनी सैन्य उभारले होते, त्यांनीच ते शिस्तीने विसर्जित केले. बंड झाले नाही, टोळ्या झाल्या नाहीत.

जमीनसुधारणेचेही तसेच. जपानमध्ये कसणाऱ्याच्या नावावर नसलेली, कुळांनी कसलेली जमीन जवळजवळ ४६ टक्के होती. सुधारणेनंतर ती दहा टक्क्यांवर आली. ही मॅकआर्थर यांच्या राजवटीची सर्वांत मोठी कामगिरी मानली जाते. परंतु या कायद्याचा पहिला मसुदा अमेरिकेतून आलेला नव्हता. जपानच्या कृषी खात्यातील अधिकारी युद्धाच्या आधीपासून या प्रश्नावर विचार करीत होते आणि शरणागतीनंतर काही महिन्यांतच त्यांनी आपले विधेयक पुढे आणले. जेत्यांनी ते अपुरे ठरवून १९४६ साली अधिक कडक कायदा करवून घेतला. धक्का बाहेरचा होता, पण गाडी देशातलीच होती आणि रुळांवर उभी होती. आपल्याकडे मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ साली आला आणि त्याची अंमलबजावणी तलाठ्याच्या दप्तरापासून न्यायालयांपर्यंत कशी रखडत गेली, हे ज्यांच्या घरांनी अनुभवले आहे, त्यांना कायदा करणे आणि तो गावात उतरविणे यांतले अंतर वेगळे सांगायला नको.

राज्यघटनेची कथा जगाला ठाऊक आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॅकआर्थर यांच्या कचेरीतील अधिकाऱ्यांनी आठवडाभरात बंद दाराआड तिचा मसुदा लिहिला. स्त्रियांच्या हक्कांची कलमे लिहिणारी तरुणी बावीस वर्षांची होती. एखाद्या प्राचीन राष्ट्राची घटना परक्या सेनाधिकाऱ्यांनी आठवडाभरात लिहावी, हे आमच्या मनाला आजही खटकते. जपानमधील अनेक राष्ट्रभक्तांनाही ते खटकत आले आहे. तरीही ३ मे १९४७ पासून लागू झालेल्या त्या घटनेत आजवर एका शब्दाचीही दुरुस्ती झालेली नाही, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. त्याचेही कारण पाहण्यासारखे आहे. तो मसुदा जपानच्या संसदेपुढे गेला, तेथे महिनोन्‌महिने त्यावर खल झाला, एकाच सभागृहाच्या जागी दोन सभागृहे आली, किमान निर्वाहाच्या हक्काची तरतूद जपानी प्रतिनिधींनी भर घालून आणली. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. परक्याने दिलेले वस्त्र जपान्यांनी उसवून, शिवून आपल्या अंगाला बसते केले.

हे सारे सांगितल्यावर त्या राजवटीची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगणे भाग आहे. लोकशाही शिकवायला आलेल्या या राजवटीने वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण ठेवले आणि त्या नियंत्रणाविषयी छापण्यासही बंदी घातली. हिरोशिमा आणि नागासाकी येथे काय घडले, हे जपानी माणसाला आपल्याच वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे धड वाचता आले नाही. शाळांतून मुलांनी आपल्याच हातांनी पाठ्यपुस्तकांतील ओळींवर शाई फासली. स्वामीच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंचे 'चुशिनगुरा' हे काबुकी नाटक सरंजामी निष्ठा शिकविते, म्हणून १९४७ च्या अखेरीपर्यंत रंगभूमीवरून हद्दपार होते. या बंदीविरुद्ध धडपडला तो मॅकआर्थर यांच्याच पदरचा एक काबुकीवेडा अधिकारी, फॉबियन बॉवर्स. जेत्यांच्या छावणीतही असा एखादा रसिक निघतो, ही त्यातली दिलाशाची बाब.

१५ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने शिंतो मंदिरांचा शासकीय आधार काढून घेण्यात आला. राज्ययंत्रणेने धर्माचा वापर युद्धज्वर चढविण्यासाठी केला होता, हे मान्य केले, तरी परक्या सेनेने एका समाजाच्या देवस्थानांचे स्थान हुकमाने ठरवावे हा प्रकार साधा नव्हे. इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधण्याची परंपरा तेराशे वर्षांची आहे. १९४९ साली येणारी ही पुनर्बांधणी होऊ शकली नाही. ती १९५३ साली झाली, शासनाच्या पैशाविना, लोकांनी दिलेल्या देणग्यांतून. सम्राटाच्या खजिन्याने किंवा राज्याच्या तिजोरीने जे करायचे, ते उपाशी दिवसांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजाने स्वतः केले. जपानचा समाज पराभवात विरघळून गेला नव्हता, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आणि दिवस खरोखरच उपाशी होते. सरकारी शिध्यावर जगणे अशक्य झाले होते, काळ्या बाजारावाचून गत्यंतर नव्हते. काळ्या बाजारातील गुन्ह्यांचे खटले चालविणारे टोकियोचे न्यायाधीश योशितादा यामागुची यांनी मात्र स्वतः काळ्या बाजाराचे अन्न घेणार नाही, असे ठरविले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये उपासमारीने त्यांचा अंत झाला. त्याच काळात आरंभीच्या वर्षांत जपानच्या नियमित अंदाजपत्रकाचा सुमारे एक-तृतीयांश भाग दोस्तांच्या फौजांच्या खर्चाकडे जात होता. त्यांची घरे, त्यांचे नोकरचाकर, त्यांच्या सोयी, सारे पराभूतांच्या खिशातून.

टोकियो न्यायाधिकरणातील न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. जेत्यांनी जितांवर चालविलेला खटला हा न्याय नव्हे, असे सांगत हजारहून अधिक पानांचे भिन्न निकालपत्र लिहून त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. दोस्तांची राजवट संपेपर्यंत ते जपानमध्ये प्रसिद्ध होऊ दिले गेले नाही. पण पाल यांचे नाव घेणाऱ्या आपल्यातील पुष्कळांनी त्यांचे निकालपत्र वाचलेले नसते. जपानी सेनेने अत्याचार केलेच नाहीत, असे पाल यांनी कोठेही म्हटलेले नाही. उलट नानकिंगमधील अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनी नमूद केले आहे. त्यांचा आक्षेप न्यायासनावर कोण बसले आहे आणि कोणत्या कायद्याने बसले आहे, याला होता. या खटल्यात शिगेमित्सुही आरोपी होते. त्यांना सात वर्षांची, सर्व आरोपींत सर्वांत कमी शिक्षा झाली. १९५० साली ते सुटले, १९५४ साली पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले आणि डिसेंबर १९५६ मध्ये जपान संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाला, तेव्हा त्या सभागृहात आपल्या देशाच्या वतीने बोलायला तेच उभे होते.

जपानविषयी आत्मीयता बाळगताना त्याने स्वतः जिंकलेल्या प्रदेशांत काय केले, ते विसरून चालणार नाही. त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा पोर्ट ब्लेअरमध्ये उतरल्या. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस नेताजींनी तेथे तिरंगा फडकविला, आझाद हिंद सरकारचे प्रशासक म्हणून कर्नल लोगनाथन तेथे गेले, पण पोलीस आणि खरी सत्ता जपानी नौदलाने आपल्या हातातून सोडली नाही. नेताजी तेथून परतल्याला महिना होतो न होतो तोच, ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रेगंज येथे हेरगिरीच्या आरोपावरून ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. व्याप्त प्रदेशातील लोकांचे सरकार केवळ शोभेचे ठेवले की काय होते, हे आपल्याच बांधवांनी आपल्याच भूमीवर भोगले आहे.

शोभेचेही सरकार न ठेवल्यास काय होते, ते पाहायला ओकिनावाकडे वळावे लागते. जेता तोच, पराभूत देश तोच, काळही तोच. फरक एवढाच की, मुख्य जपानमध्ये मागे घेतले गेलेले ते जाहीरनामे ज्या प्रकारचे होते, तशीच थेट लष्करी राजवट ओकिनावात खरोखर आली. एप्रिल १९४५ मध्ये, लढाई चालू असतानाच, अमेरिकी नौदलाने तेथे जपानी सत्ता स्थगित केल्याचे जाहीर केले. त्या लढाईत बेटावरील सुमारे एक-चतुर्थांश नागरिक मारले गेले होते. उरलेले छावण्यांत होते. राजधानी नाही, खाती नाहीत, दप्तरे नाहीत. लोकांची राज्ययंत्रणा उद्ध्वस्त झाली होती आणि ती सांभाळा म्हणून योकोहामाला जाणारा शिगेमित्सु तेथे कोणी नव्हता.

परिणाम काय झाला? मुख्य जपान २८ एप्रिल १९५२ रोजी मोकळा झाला, पावणेसात वर्षांनी. ओकिनावा मोकळा झाला १५ मे १९७२ रोजी, सत्तावीस वर्षांनी. मधल्या काळात शेतकऱ्यांच्या जमिनी संगिनीच्या धाकाने घेऊन त्यांवरून बुलडोझर फिरले आणि विमानतळ झाले. सैन्याने छापलेले चलन १९५८ पर्यंत चालले आणि त्याच्या जागी थेट डॉलर आला. १९६३ साली तेथील अमेरिकी उच्चायुक्त जनरल कॅरावे यांनी या बेटांची स्वायत्तता ही एक दंतकथा आहे, असे भाषणात सांगून टाकले. बेट जपानला परत मिळाल्यावरही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायला लागायला १९७८ साल उजाडले. जपानच्या भूभागाच्या अवघ्या ०.६ टक्के असलेल्या या प्रांतात अमेरिकेच्या खास वापरातील तळांची सुमारे ७० टक्के जमीन आजही आहे. मॅकआर्थर यांची यशोगाथा सांगणारी पुस्तके या बेटापाशी येऊन गप्प होतात.

या राजवटीशी महाराष्ट्राचाही एक संबंध आहे, आणि तो अभिमान व अस्वस्थता दोन्ही देणारा आहे. १९४६ च्या वसंत ऋतूत ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजांबरोबर दहा हजारांच्या आसपास भारतीय सैनिक जपानला गेले. त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. म्हणजे, एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीच्या काठी जखमी सहकाऱ्यांना वाचवीत शत्रूची ठाणी निकामी करणाऱ्या नामदेव जाधवांची पलटण. नगर जिल्ह्यातील या शिपायाला त्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. या पलटणीच्या ब्रिगेडचे नेतृत्व पुढे सरसेनापती झालेल्या थिमय्या यांच्याकडे होते. राष्ट्रकुलाच्या फौजांना राज्यकारभारात स्थान नव्हते, तो अमेरिकेने आपल्याच हातात ठेवला होता. शस्त्रसाठे शोधणे, ते नष्ट करणे, पहारे देणे ही आमच्या जवानांची कामे होती. एक देश जिंकलेल्यांच्या बाजूने हातात बंदूक घेऊन उभा असलेला तो मावळा स्वतः एका जिंकलेल्या देशाचा प्रजाजन होता. त्याला जपानला पाठवायचे की नाही, हे दिल्लीतील लोकप्रतिनिधींना कोणी विचारले नव्हते. १९४७ साली देश स्वतंत्र होत असताना या फौजा परतल्या.

स्वतंत्र भारताने मात्र या प्रश्नावर स्वतःचे मत बनविले. पं. नेहरूंच्या परराष्ट्रनीतीचे आम्ही कधीच चाहते नव्हतो, तरी १९५१ सालच्या एका निर्णयाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. सॅन फ्रान्सिस्को येथील शांतता-तहात परकी फौज जपानमध्ये ठेवण्याची तरतूद आहे आणि ओकिनावासह दक्षिणेची बेटे जपानला परत मिळत नाहीत, असा आक्षेप घेऊन भारत त्या परिषदेला गेला नाही. ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धभरपाईवरचा हक्क सोडून दिला. बरोबरीच्या राष्ट्राशी करावा तसा तो तह होता. जपानी लोकांच्या मनात भारताविषयी जो ओलावा आहे, त्यात पाल यांच्याइतकाच या तहाचाही वाटा आहे.

२००३ साली इराकवर स्वारी करण्यापूर्वी अध्यक्ष बुश यांनी जर्मनी आणि जपान यांचे दाखले दिले. तेथे आम्ही लोकशाही रुजविली, येथेही रुजवू, असा त्यांचा विश्वास होता. पण जपानच्या धड्यातले त्यांनी नेमके उलटे पान उघडले. बगदादमध्ये १२ मे रोजी पोहोचलेल्या पॉल ब्रेमर यांनी १६ मे रोजी बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सर्व सरकारी नोकऱ्यांतून काढले आणि २३ मे रोजी इराकचे सैन्यच बरखास्त केले. शाळांचे मुख्याध्यापक, इस्पितळांचे डॉक्टर, पाणीपुरवठ्याचे अभियंते एका आदेशाने घरी गेले आणि जवळपास चार लाख शस्त्रधारी माणसे वेतनावाचून रस्त्यावर आली. जपानमध्ये सैन्याचे विसर्जन सैन्याच्याच खात्यांकडून करवून घेतले गेले होते. इराकमध्ये विसर्जित झालेल्यांतील अनुभवी अधिकारी पुढे कोणत्या टोळ्यांना जाऊन मिळाले, हे जगाने २०१४ साली मोसुलमध्ये पाहिले.

याच इराकमध्ये भारताने एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७ हजार सैनिक पाठवावेत, असा अमेरिकेचा आग्रह होता. दिल्लीत त्या बाजूने बोलणारे कमी नव्हते. महासत्तेशी जवळीक वाढेल, पुनर्बांधणीची कंत्राटे मिळतील, असे हिशेब मांडले जात होते. संसदेने त्या स्वारीच्या निषेधाचा ठराव ८ एप्रिल २००३ रोजी केला होता. अटलजींच्या सरकारने १४ जुलै २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशावाचून सैन्य पाठविण्यास नकार दिला. या वेळी निर्णय लंडनचा नव्हता. मराठा पलटणीच्या जवानाला दुसऱ्याच्या अंमलाचा पहारेकरी म्हणून परक्या देशात उभे राहावे लागले नाही.

ब्रेमर यांनी २८ जून २००४ रोजी, ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी, बगदादच्या तटबंदीतील एका खोलीत मोजक्या लोकांसमोर सत्तांतराचा कागद सुपूर्द केला आणि त्याच दिवशी विमानाने देश सोडला. त्यांच्या मागे राहिलेल्या अमेरिकी फौजा पुढे सात वर्षे तेथेच होत्या.